हिची चाल

मंडळी, आमच्या काचीगुड्याच्या घरात सिनेमा तयार झाला! दीड मिनिटाचा, ॲनिमेशनचा. मोशन कॅप्चरला अंगभर सेन्सरचा सूट लागतो, अशी माझी समजूत. नातवाने हिला हॉलमध्ये नुसते चालायला लावून मोबाईलवर शूटिंग घेतले. एका फुकट प्रोग्रॅमने त्यातले सांधे ओळखले आणि ती चाल ब्लेंडरमधल्या बाहुलीला मिळाली. हे ब्लेंडर २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत लाखभर युरो वर्गणी जमवून सर्वांसाठी मोकळे करून घेतले. (बँकेत जन्म गेला, अशी वसुली पाहिली नाही!)

बाहुलीचे पाय फरशीवर घसरायचे. तीन रात्री बसून एकेक फ्रेम बघत त्याने ते सुधारले. उजवा पाय जरा ओढत टाकते ही, तेही तो काढणार होता. ही म्हणाली, “राहू दे रे, नाहीतर ती मी कुठली?”

पुढच्या महिन्यात हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे.