ब्रशचा डबा आणि गाण्यांची वही

आमच्यातला एक पेणचा, दुसरी रोह्याची. दिव्याहून सुटलेली गाडी पेण, कासू, नागोठणे करीत रोह्याला पोहोचते, तेवढेच अंतर आमच्या दोन घरांत. लग्नाला चोवीस वर्षे झाली. अल्लाहच्या कृपेने घर उभे राहिले, मुले शिकली, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची होईल तेवढी सेवा झाली. या सगळ्यात आम्ही दोघांनी एकेक गोष्ट बाजूला ठेवून दिली होती. ती आमच्या थोरल्या मुलीने शोधून काढली.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "अब्बा, अम्मी, मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे आहे." एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तिने चांगल्या ग्रेडने पास केल्या होत्या. आम्ही ती सर्टिफिकेटे कौतुकाने फाइलला लावली आणि विसरून गेलो. आता मात्र आम्ही दोघे एकाच आवाजात बोललो, "शौक म्हणून कर. रोजीसाठी दुसरे काहीतरी शीक."

तिने वाद घातला नाही. एवढेच विचारले, "तुम्ही दोघांनी तुमचे शौक कुठे ठेवलेत?"

उत्तर आम्हाला ठाऊक होते. एक माळ्यावर, एक कपाटाच्या तळाशी.

माळ्यावर ब्रशचा डबा होता. आमच्यातला पेणकर बोर्ड पेंटर होता. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचे गाव. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी कारखाने, मूर्ती पार परदेशापर्यंत जातात. शाळेतल्या मित्राच्या वडिलांचा असाच एक कारखाना होता. मूर्तीचे डोळे रंगवण्याला तिथे आखणी म्हणतात, आणि पेणच्या मूर्तीचे नाव आहे ते याच आखणीसाठी. मोहल्ल्यातला हा मुलगा शाळा सुटल्यावर तिथे बसून पाहत राही. त्या काकांनी त्याला एक गोष्ट शिकवली: रेघ ओढताना श्वास धर, आणि ब्रशच्या टोकाकडे नको, रेघ जिथे पोहोचायची तिथे बघ.

आमच्या घरात सजीवांची चित्रे काढण्याचा रिवाज नव्हता. म्हणून तो हात अक्षरांकडे वळला. खडू लावलेली दोरी ताणून ओळ आखायची, मग एनॅमल रंगात अक्षर उतरवायचे. दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावे, मशिदीतला नमाजाच्या वेळांचा फलक. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. पुढे फ्लेक्स आले. दोन दिवसांचे काम मशीन तासाभरात आणि स्वस्तात करू लागले. ब्रश माळ्यावर गेले आणि पेंटर धाटावच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळू लागला. त्याबद्दल तक्रार नाही, त्या पगारावरच घर चालले.

कपाटाच्या तळाशी वही होती. रोह्याच्या अम्मी लग्नघरांत गाणी म्हणत. हळद, मेहंदी, मुलीची पाठवणी, प्रत्येक प्रसंगाचे गाणे वेगळे, सगळे आपल्या कोकणी बोलीत. नवऱ्या मुलाच्या मामाला चिमटा काढायचा तर अम्मी जागच्या जागी ओळ जुळवत. आमच्यातली रोहेकरीण ती गाणी वहीत उतरवी, आणि मागच्या पानांवर गुपचूप स्वतःच्याही चार ओळी लिही.

साखरपुड्यानंतर पेणहून तिला एक पाकीट आले. आत दोन ओळींची खुशाली होती, पण पाकिटावर तिचे नाव असे लिहिले होते की तिने ते वहीत जपून ठेवले. उत्तरादाखल तिने पहिल्यांदा स्वतःची कविता कुणाला तरी पाठवली. आमच्या संसाराची सुरुवात अशी अक्षरांनी आणि ओळींनी झाली. मग वाणसामान, फी, दवाखाना यांच्या हिशेबात दोघेही गप्प झालो.

मुलीच्या प्रश्नानंतर आम्हाला शाहीर अमर शेख आठवले. बार्शीचे, मूळ नाव महबूब हुसेन पटेल. ओव्या आणि गाणी त्यांना मिळाली ती आई मुनेरबींकडून. पोटासाठी मिळेल ती मेहनत केली, आणि तोच आवाज पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदाने भारून टाकी. आपल्या रोह्यात बालपण घालवलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, आणि त्यांनीच कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले. एकाने कलेलाच आयुष्य दिले, दुसऱ्याने आकडेमोडीच्या आयुष्यात तिला जागा ठेवली. माळ्यावर मात्र दोघांनीही टाकली नाही.

आम्ही उगाच भाबडे होत नाही. कलेवर घर चालवणे कठीण आहे, हे पेणमध्ये राहून कोण सांगू शकणार नाही? हंगामाचे चार महिने रात्रीचा दिवस करायचा आणि बाकीचे महिने उधारी फेडायची, असे कारागीर आम्ही पाहिले आहेत. मुलीसाठी जीव घाबरतो तो यामुळेच. पण 'शौक' हा शब्द आम्ही ज्या अर्थाने वापरला, तो चुकीचा होता. सवड मिळाल्यावर करायची गोष्ट, असे आम्ही समजलो. सवड कधी मिळत नसते.

याची किंमत आम्हाला रोह्यात कळली. वही घेऊन आम्ही अम्मींकडे गेलो. राहिलेली गाणी उतरवून घेऊ म्हटले. अम्मी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. पाठवणीचे गाणे त्यांनी सुरू केले आणि तिसऱ्या ओळीला थांबल्या. "पुढचे तुझ्या खालाला यायचे," त्या म्हणाल्या. खाला जाऊन तीन वर्षे झाली. वहीत त्या गाण्याखाली आम्ही कोरी जागा सोडली आहे.

घरी परतल्यावर आम्ही मुलीला सीईटीचा फॉर्म भरायला सांगितले. अट एकच, कॉम्प्युटरवरची अक्षररचनाही शिकायची, म्हणजे मशीन आले म्हणून हात रिकामा राहणार नाही. तिने हसत मान्य केले.

माळ्यावरच्या ब्रशांचे केस कडक होऊन गेले होते. पेणच्या बाजारातून नवे आणले. आता जुम्याच्या दिवशी संध्याकाळी एक तास टीव्ही बंद असतो. मुलगी चित्र काढते, एक जण अक्षरे गिरवतो, एक जण वही उघडते. हात अजून थरथरतो, ओळी अडखळतात. निकाल यायचा आहे. तुम्हीही दुआ करा, आणि जमले तर आज आपल्या घरातल्या माळ्यावर एकदा चढून बघा.