एकच डाव

भाचीनं पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. आई पामेरियन, बाप गल्लीतला कुणीतरी. पांढरं अंग, एक कान तपकिरी, शेपटीचा गोल गुंडा. म्हणून नाव गुंड्या. श्रावण चालू होता. आमच्या कुंडलच्या डोंगरावर पार्श्वनाथाच्या दर्शनाला माणसं चढत होती आणि मी घरात फडकं घेऊन गुंड्यामागं फिरत होते. लग्न होऊन आल्यापासून म्हशी सांभाळल्या, शेरडं सांभाळली. पण उंबऱ्याच्या आत राहणाऱ्या जनावराला कसं शिकवायचं, ते मला खरंच कळत नव्हतं.

पहिला आठवडा फार वाईट गेला. दिवसातून आठ-दहा वेळा तो घरात मुतायचा, एकदा तर देव्हाऱ्यासमोर. ओळखीतल्या एकानं सांगितलं, "तिथंच नाक घासा आणि एक दणका द्या, सुधारतंय." मी पेपरची सुरळी करून मारली. एकदाच. पण त्यानंतर तो माझ्यासमोर मुतेनासा झाला; पलंगाखाली, धान्याच्या पोत्यामागं जाऊन मुतायला लागला. अंगणात नेलं तर माझ्याकडं बघत नुसता उभा राहायचा. माझा हात जरा वर गेला, की अंग चोरून पोट फरशीला टेकवायचा. एवढंसं पिल्लू, आणि त्याला माझ्या हाताची भीती बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लस द्यायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मुतल्याबद्दल मारलं हे त्याला कळत नाही. ताई मारतात, एवढंच कळतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या वर दम निघत नाही. उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की बाहेर न्या. अंगणात केलं की तिथंच शाबासकी द्या. घरात येऊन दिली तर ती कशाची, हे त्याला उमगत नाही." लशी पुऱ्या होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका, पार्व्होच्या आजारानं पिल्लं दोन दिवसांत जातात, असंही बजावलं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग महिन्यानं पुन्हा आणि पुढं दरवर्षी. ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मुतण्याचं महिन्याभरात जमलं. अडलं ते 'बस' शिकवताना. मी म्हणायची "खाली बस", लेक म्हणायची "सिट", हे कारखान्यातून पाळी संपवून आले की "ए, गप बस!" गुंड्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहायचा. मामा, म्हणजे माझे सासरे, सोप्यात बसून हे बघत होते. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. म्हणाले, "पोरी, वस्ताद एका दिवसात दहा डाव दाखवत नाही. एकच डाव, रोज घोटायचा. आणि वस्ताद एकच पाहिजे." कुस्तीच्या मैदानासाठी नावाजलेल्या गावात राहून हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्या दिवसापासून घरात एकच शब्द ठरला, 'बस'. भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे मुठीत घ्यायचे. एक तुकडा नाकापाशी धरून हात हळूहळू डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर जातं, तसं ढुंगण आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं, की 'शाब्बास' आणि तुकडा. दाबायचं नाही, ओढायचं नाही. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. त्याला कंटाळा यायच्या आत थांबायचं. अकराव्या दिवशी रिकामा हात दाखवला आणि तो बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या महिन्यात चावरेपणा वाढला. पायातल्या चपला, साडीचा काठ, काही सोडेना. एकदा फरशी पुसताना तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, तेव्हा कळलं, की त्याचे दुधाचे दात पडतायत आणि हिरड्या शिवशिवतायत. जुन्या पंच्याला गाठ मारून, भिजवून फ्रीजमध्ये ठेवला. ते गाठोडं तो चघळत बसायचा. दिवाळीत फटाक्यांना भिऊन कापायला लागला, तेव्हा काही शिकवलं नाही. दारं-खिडक्या लावून जवळ घेऊन बसले.

आमच्या भागातल्या लोकांना एक मात्र हात जोडून सांगते. पलूस-तासगावकडं घराघरात द्राक्षं आणि बेदाणा असतो, आणि लाडानं दोन दाणे कुत्र्यापुढं टाकायची सवय असते. टाकू नका. द्राक्षानं आणि बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील हे आधी सांगता येत नाही. लहान अंगाच्या कुत्र्याला तर मूठभरसुद्धा महागात पडतं. खाल्लं असेल, तर ओकारीची वाट न बघता डॉक्टर गाठा.

गुंड्या आता आठ महिन्यांचा आहे. उसाच्या बैलगाड्या दारावरून गेल्या की अजून भुंकतो. ते शिकवणं चालू आहे. परवा फळीवरचा डबा काढायला मी त्याच्या डोक्यावरून हात वर नेला. तो पायाशी बसला होता. जागचा हललासुद्धा नाही.