टर्बो आणि सतरा नंबरचा फॉर्म

आम्ही चौघा शिक्षकांनी शाळेच्या ये-जासाठी भागीदारीत एक जुनी डिझेल स्विफ्ट घेतली. तिच्यात फियाटचे 1248 सी.सी.चे मल्टिजेट इंजिन आहे. चार सिलिंडर, 75 अश्वशक्ती. मारुती, टाटा, फियाट या तिन्ही घरांत हे इंजिन नांदले. 2020 साली बीएस-6चे नियम आले आणि मारुतीने ते बंद केले; रस्त्यावर मात्र ते अजून भरपूर दिसते.

त्याचा जीव टर्बोत. बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे, एवढीच ती युक्ती.

एक दिवस गाडीची ओढ गेली आणि काळा धूर येऊ लागला. एका मोठ्या वर्कशॉपने सांगितले, टर्बो बदला. आकडा ऐकून चौघेही गप्प झालो.

मग आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजात गेलो. त्याने टर्बो उघडलाच नाही. इंजिन रेस करायला लावून पाइपांवरून हात फिरवला. "सर, टर्बो अच्छा है. पाइप फटा है." इंटरकूलरच्या रबरी पाइपातून हवा गळत होती, हवा कमी, म्हणून डिझेल अर्धवट जळून काळा धूर. निळा धूर असता तर ऑइल जळतंय असे समजून टर्बोवर शक घेतला असता, म्हणाला.

ऑइल वेळेवर बदला, हेही त्याने बजावले. मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेणारा टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावरच तरंगतो. टायमिंग चेनचा ताणही ऑइलच्या दाबावरच टिकतो. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली की गाडी झटके देते. लांबून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या.

ज्वलन, दाब, घर्षण: आम्ही फळ्यावर शिकवतो ते सारे त्याच्या बोटांत होते. पण घरच्या परिस्थितीमुळे त्याची शाळा नववीतच सुटली, आणि आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी पास लागते. आमच्या शाळेतून गळालेली कितीतरी मुले अशीच गॅरेजांत उस्तादांच्या हाताखाली आहेत. त्यांची हुशारी कुठल्याच कागदावर नाही.

बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो आम्ही त्याच्यापुढे ठेवला. "गॅरेज कौन देखेगा, सर?" त्याने विचारले. शटर ओढल्यावर तिथेच शिकवायचे, असे आम्ही ठरवले आहे. विषयही वाटून घेतले. विज्ञान कोणी घ्यायचे, यावर मात्र अजून एकमत नाही.