दुसरा शनिवार

जाड बाईला सल्ला कुणीही देतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली, नावही माहीत नसलेली मावशी ताटाकडे बघून म्हणते, "सकाळी कोमट पाण्यातून जिरेपूड घेत जा, महिन्यात फरक पडेल." ती हे मायेनंच सांगते, हे मला कळतं. मध-लिंबू, भिजवलेल्या मेथ्या, दुधीचा रस, सातनंतर काही खायचं नाही, हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं. महाराष्ट्रात घरोघरी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता, तेव्हा मी दोन्ही पद्धती मन लावून पाळल्या. आधी दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवले, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं. दोन्हींचा फायदा झालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. माझंही वजन उतरलं आणि मग हळूहळू परत चढलं. आज उंची पाच फूट दोन इंच, वजन 112 किलो, म्हणजे बीएमआय 45. मधुमेह आहे, गुडघे दुखतात, रात्री झोपेत श्वास अडकतो.

या सगळ्या वर्षांत मला सल्ला देणारी शेकडो माणसं भेटली. पण एवढं वजन स्वतः वागवून त्याबद्दल बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचं ठरलं आणि तयारी सुरू झाली, तेव्हा ही उणीव मला पहिल्यांदा नीट दिसली.

घरात आधी कुणालाच ते पटलं नाही. "धडधाकट पोट कापून घ्यायचं?" असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. भावाला वाटलं, मनाचा निग्रह कमी पडला म्हणून मी सोपी वाट धरते आहे. "गडकरींनी नाही का करून घेतलं 2011 साली मुंबईत?" असं मी विचारलं, तर "ती मोठी माणसं" म्हणून त्यानं विषय मिटवला. निग्रहाचं म्हणणं मला फार लागलं. सर्जनच्या खोलीत मी तेच सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला बघतं. भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी खर्चतं. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन हे संप्रेरक 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढतात, त्यात हा फुगीर भाग जातो, आणि केळ्याएवढी अरुंद नळी उरते. म्हणजे पोट लहान होतं ते होतंच, शिवाय भूकही काही काळ नरम पडते.

वजनासाठीच्या शस्त्रक्रिया कालपरवाच्याही नाहीत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये जठराचा बायपास सुरू केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. स्वीडनमध्ये 1987 पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा मागोवा घेतला गेला. त्यांतल्या जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. 2007 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. माझे यजमान अंगानं सडपातळ आहेत. ते हे सगळं ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं की हा विषय त्यांचा नाही. डॉक्टरांनी त्यांना आमच्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्याकडे शस्त्रक्रियेचा विचार पाश्चात्त्यांपेक्षा कमी बीएमआयलाच का करतात, ते या फोटोवरून समजतं. त्या आठवड्यात यजमानांनी स्वतःची साखर तपासून घेतली.

तयारी म्हणजे दोन-चार तपासण्या, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती काही महिने चालते. रक्ताच्या चाचण्या, सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठराची पाहणी, रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी. बी-12 आणि डी जीवनसत्त्व कमी निघालं, ते आधी भरून काढायचं. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र मिळालं. श्वास आत ओढून ते चेंडू वर धरायचे. माझा भाचा माझ्याबरोबर ते करतो. तंबाखू पूर्ण बंद हवी, हे तर प्रत्येकाला बजावतात, कारण टाके भरायला वेळ लागतो आणि आत व्रण होऊ शकतात. मात्र विचारताना "सिगारेट ओढता का?" एवढंच विचारतात. आमच्या भागातल्या कितीतरी बायका दात घासायच्या निमित्तानं दिवसातून चार वेळा मिश्री लावतात, आणि तीही तंबाखूच आहे. हा प्रश्न मिश्रीचं नाव घेऊन विचारला पाहिजे, असं मला ठाम वाटतं.

शेवटचे दोन आठवडे अगदी कमी कर्बोदकांचा, बराचसा पातळ आहार घ्यायचा. लिव्हरचा डावा भाग जठरावर आलेला असतो. चरबीनं ते फुगलेलं असलं की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ते उचलून धरणं अवघड जातं, आणि या आहारानं ते आकसतं. या काळात मधुमेहाच्या औषधांचे डोस डॉक्टरांनी बदलून द्यावे लागतात, नाहीतर साखर एकदम उतरू शकते.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडेही जावं लागतं. त्यांनी मी काय खाते हे विचारलं नाही. "कधी खाता आणि कुठं बसून खाता?" असं विचारलं. मी सांगितलं, सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून, झाकपाक करता करता. पोळीचा उरलेला तुकडा, पातेल्यात राहिलेला भात, मुलानं टाकलेली भाजी. बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या शनिवारी बैठकीला या."

रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिथं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शस्त्रक्रिया झालेली आणि व्हायची असलेली माणसं जमतात. आत गेल्यावर मला पहिल्यांदा दिसल्या त्या खुर्च्या. एकाही खुर्चीला हात नव्हते. हात असलेल्या खुर्चीत बसणं म्हणजे काय, उठताना ती अंगाबरोबर उचलली जाईल का ही धास्ती म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच त्या निवडल्या होत्या. एसटीत शेजारची जागा मोकळी असूनही लोक उभे राहतात, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पिंपरीच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण म्हणाला, "मी दोन तिकिटं काढायचो." त्यावर कुणी हळहळलं नाही, काहींनी नुसती मान हलवली. एवढी मोकळी खोली मी त्याआधी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते खरंच होतं, पण तिथं त्याच गोष्टी जगून आलेल्यांच्या तोंडून ऐकायला मिळाल्या. शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो, कारण पोटात भरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो, आणि त्यावर चालणं हाच उपाय. त्याच संध्याकाळी उठवतील, नर्सचा राग धरू नकोस. पाणी औषधाच्या मापातून घोट घोट प्यायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठ मूठ गळतात, आरशासमोर रडू येतं, मग परत येतात. फोडणीचा वास काही दिवस सोसत नाही. मऊ पोळीसुद्धा घाईनं खाल्ली तर छातीत अडकते, उलट पातळ पिठलं बरोबर उतरतं आणि त्यात प्रथिनंही असतात. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हा आकडा मला कागदावर मिळाला होता. मुगाचं कढण, ताक, पनीर, दुधात कालवलेली पावडर अशी त्याची वाटणी एका शाकाहारी बाईंनी करून दाखवली, तेव्हा तो आकडा माझ्या स्वयंपाकघरात आला.

मला एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती डॉक्टरांना विचारायला संकोच वाटत होता. भूक गेली की खाण्याची आवडही जाते का? आईच्या हातची पुरणपोळी मला नुसती पदार्थ म्हणून आवडत नाही, तिच्यात माझं अख्खं बालपण आहे. सांगलीकडच्या एक काकू शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवड कुठं जातीय गं? चतकोर खाते. पण आता ताट वाढून घेते आन् बसून खाते." मी ओट्याशी उभी राहून खाते, हे मी त्या खोलीत बोललेही नव्हते.

सगळं गोड नसतं, आणि बैठकीत ते लपवत नाहीत. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं उतरलेलं वजन चार-पाच वर्षांत बरंचसं परत आलं आहे. ते तरीही दर महिन्याला येतात. पहिल्या रांगेत बसतात आणि नव्या माणसाला स्पष्ट सांगतात की पातळ गोड पदार्थ या लहान पोटातूनही सरसर उतरतात, आइस्क्रीमला ते पोट अडवत नाही. लोंबणाऱ्या कातडीबद्दल एक मुलगी बोलली. जिभेचं सुख गेल्यावर मनाला दुसरा आधार लागतो आणि काहींना तो दारूत सापडतो, हेही मानसोपचारतज्ज्ञ बाई उघड सांगतात. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आहारतज्ज्ञ कोपऱ्यात बसलेल्या असतात. कुणी "मी तर गोळ्या बंद केल्या, काही होत नाही" असं म्हणालं, की त्या लगेच उठून बोलतात. अनुभवाला जाणत्याची सोबत हवीच.

म्हणून मला रुग्णालयांच्या भिंतींवरच्या त्या 'आधी' आणि 'नंतर'च्या जोडफोटोंबद्दल तक्रार आहे. त्यांतला 'नंतर'चा माणूस कायम हसत असतो. त्या काकांचा फोटो कुठल्याच भिंतीवर लागणार नाही, आणि मला धीर मिळाला तो त्यांच्याकडून. पुढे काही बिघडलं तरी या खोलीत मला जागा आहे, हे त्यांच्याकडे बघून कळलं. बैठक ही रुग्णालयानं दिलेली वरची सोय मानू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांइतकीच तिचीही गरज आहे. विमा नियामकानं ठरवलेल्या अटींत बसणाऱ्या रुग्णाला आता आरोग्यविम्यातून या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. पण नंतरच्या वर्षांत धरून ठेवणारी माणसं पॉलिसीत कुठं असतात?

आपल्याकडे खाऊ घालणं ही माया दाखवायची पहिली रीत आहे. "एवढंसं?" "माझ्यासाठी एक घास." गौरीच्या जेवणाला, डोहाळजेवणाला, बाराव्याला सुद्धा आग्रह चालतो. मी तो आग्रह वाईट मानत नाही, मी स्वतः तसाच करते. पण शस्त्रक्रियेनंतर पंगतीत काय बोलायचं, याची मला धास्ती होती. वजनाचं सांगितलं की चर्चा सुरू होणार, न सांगावं तर वाढणाऱ्या वहिनी दुखावणार. बैठकीतल्या बायकांनी सोपं वाक्य दिलं: "पोटाचं ऑपरेशन झालंय, थोडंच चालतं." हे पूर्ण खरं आहे आणि पुढं कुणी विचारत नाही. शिवाय एक जण म्हणाल्या, "तू वाढायला घे. वाढणाऱ्या बाईच्या ताटाकडे कुणी बघत नाही." त्यावर सांगलीच्या काकू एकदम म्हणाल्या, "नको. वाढण्यातच जन्म गेला. तिला बसू दे." यावर खोलीत बराच वेळ वाद झाला. मी काकूंच्या बाजूची आहे.

त्या खोलीत एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. रुग्णालयाचा आहारतक्ता इंग्रजीत मिळतो. त्यातली 'प्युरी' म्हणजे आपल्याकडे काय, 'सॉफ्ट डाएट' म्हणजे कितपत मऊ, हे या वहीत मराठीत उतरवलेलं आहे, वाटी आणि चमच्याच्या मापानं. ज्वारीच्या कण्या किती पाण्यात शिजवायच्या, डाळीचं पाणी गाळायचं की घोटायचं, दिवाळीच्या फराळातलं काय कितव्या महिन्यापासून चालेल. प्रत्येक पान आहारतज्ज्ञ बाई तपासतात. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याआधी माझ्याकडे उपवासाचं पान आलं आहे. संकष्टी, एकादशी, नवरात्र. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. पहिलं वर्ष तरी उपवास नकोच, असं आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं. गळ्यात माळ असलेल्या एक आजी ते ऐकायला तयार नाहीत. त्यांना एकादशी सोडवत नाही, आणि त्यांना नुसतं 'नाही' सांगून त्या घरी काय करतील हेही आम्हाला कळतं. त्यामुळे दूध, ताक, पनीर आणि भिजवून बारीक वाटलेल्या शेंगदाण्याची पातळ आमटी असं मी लिहून काढलं आहे. राजगिऱ्याची पेज कितव्या महिन्यापासून, ते येत्या शनिवारी बाईंना विचारायचं आहे.