मामीनं शेफारून ठेवलेले

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण धावू लागली. आमचं आजोळ त्याच्या बरंच आधीचं. परळहून रात्रीची एसटी, कशेडी घाटात हमखास ओकाऱ्या, आणि सकाळी गुहागरच्या अलीकडे उतरून लाल मातीतली पायपीट.

तिथं लाडाचं खातं मामीकडे होतं. आजी कडक, आंब्याच्या अढीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. दुपारी सगळे आडवे झाले, की मामी अढीतला नेमका पिकलेला पायरी हुडकून आमच्या हातात द्यायची, चुलीच्या निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजायची. सकाळी मऊ भात-मेतकुटाला नाक मुरडलं तर मुकाट्यानं घावन घालायची. एका चुलीवर दोन न्याहाऱ्या म्हणजे काय, हे कळायचं आमचं वय नव्हतं.

‘शेफारून ठेवलंयस पोरांना’ हे मामी उठल्याबसल्या ऐकायची. आजीच्या तोंडी तो सरलेल्या गुळाचा हिशेब असे. मामा म्हणत ते चक्क कौतुक, ओटीवरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. मामेभाऊ म्हणे त्यात धुसफूस होती, आणि ती रास्तच: वर्षभर धपाटे त्यानं खायचे, मे महिन्यात आंबे आम्ही! मांजर, वासरू, सगळेच तिथं शेफारलेले. पोस्टमनसुद्धा. पत्र नसलं तरी वाट वाकडी करून ताक प्यायला यायचा.

धार होती ती आईच्या बोलण्याला. “वहिनी, तुम्ही लाडावून ठेवता आणि जूनमध्ये मी निस्तरायचं.” १९३५ सालचं ‘श्यामची आई’ आमच्या फडताळात कायम हाताशी असे, आमच्या प्रत्येक आगळिकीवर उतारा म्हणून.

हीच आई माहेरी उन्हं अंगणात येईतो लोळत पडायची. मामी तिच्या उशाशी चहा ठेवणार, न्हाणीत पाणी तापवणार, डोक्यावर तेल थापणार. एकदा आजी स्वयंपाकघरातून कडाडली, “अगं, किती शेफारवशील त्या नणंदेला! सासरी कळलं तर काय म्हणतील?”

“वन्सं चार दिवस तर आल्यात,” मामी म्हणाली.

आई उठून बसली, केसांची गाठ मारली आणि रिकामा कप पुढे केला. “वहिनी, अजून अर्धा असेल ना?”