चवदार तळे ते व्हॉट्सॲप ग्रुप : कसोटी जुनी, भांडण नवे

व्हॉट्सॲप ग्रुपवर जातीवरून अपमान झाला, तर तो १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात बसतो का? आमच्याकडे तक्रार घेऊन येणारी तरुण मुले हा प्रश्न हमखास विचारतात. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते, मग कायदा लागू कसा होणार, असे त्यांना वाटते. पोलीस ठाण्यातही हेच ऐकवले जाते.

पण न्यायालये प्रत्येक नव्या भांडणासाठी नवे तत्त्व शोधत बसत नाहीत. जुन्याच कसोटीवर नवी वस्तुस्थिती घासून पाहतात. आम्ही या मुलांना आधी महाडचा खटला सांगतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची रूढीच आहे, हा त्यांचा दावा. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ तेव्हा नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला तो रूढीच्या जुन्याच कसोटीवर : रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे, हे सिद्ध झाले पाहिजे. ते वादींना सिद्ध करता आले नाही. ते हरले. कायदा बदलला नव्हता, पण बाबासाहेबांनी दहा वर्षे खटला लढवून ती कसोटी मज्जाव करणाऱ्यांनाच लावायला भाग पाडले.

आता ॲट्रॉसिटी कायद्याकडे या. जातीवरून अपमान 'लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी' झाला पाहिजे, ही अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले की जागा खाजगी असली तरी चालते, तिथे लोकांची नजर पोहोचली पाहिजे. घराचे फाटक रस्त्यावरून दिसते, म्हणून तिथला अपमान या कायद्यात येतो. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात मात्र, घराच्या चार भिंतींआड बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही, असे ठरले. म्हणजे कसोटी जागेची नाही, नजरेची आहे. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने हीच कसोटी इंटरनेटवरच्या व्हिडिओला लावली : जो तो पाहतो, तो तिथे हजर असल्यासारखाच.

काही वकील मित्र म्हणतात, फौजदारी कायदा असा ताणू नये. मान्य. एकालाच पाठवलेला खाजगी संदेश आम्हीही यात ओढत नाही. पण सोसायटीच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर बाईची जात काढायची आणि नंतर 'हे फोनवरचे भांडण' म्हणायचे, हे कसे चालेल? चावडीवर तरी एवढी माणसे कधी जमत होती?

अशाच एका ताईंना ठाण्यातून दोनदा परत पाठवले गेले. तिसऱ्या वेळी आम्ही लेखी अर्ज दिला. ग्रुपमध्ये किती सदस्य, संदेश कोणी वाचला, त्यातले नात्यागोत्यातले नसलेले तिघे कोण, हे नावानिशी लिहिले. गुन्हा नोंदला गेला. खटला अजून उभा राहायचा आहे, आणि ताई रोज त्याच जिन्यावरून चढतात-उतरतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : संदेश पुसू नका, फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितले आहे की मूळ उपकरण हजर केले नाही, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. कसोटी न्यायालयाच्या हाती असते, पण तिच्यावर घासायची वस्तुस्थिती आपणच पुढे ठेवायची असते.

जय भीम!