हातांतलें पान

पत्त्यांत रमलेला मनुष्य वाया गेला, असें आमच्या वडिलांचें ठाम मत होतें. त्यांचा हा मुलगा पंचावन्नाव्या वर्षीं, आठवडाभर महाविद्यालयांत शेक्सपिअर शिकवून, रविवारीं नांदेडहून लातूरला पत्ते खेळावयास जातो, हें पाहावयास ते आज नाहींत, हें एका परीनें बरेंच झालें.

जाण्याचें खरें कारण अर्थातच निराळें होतें. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठीं साऱ्या मराठवाड्यांतून मुलें लातूरला येऊन राहतात. आमचे चिरंजीव तेथें दुसऱ्यांदां तयारी करीत होते. लोहा, अहमदपूर, चाकूर मागें टाकीत एस.टी.नें जावें, गंजगोलाईंत चहा घ्यावा, त्याच्या खोलीवर बसावें; “जेवण बरें असतें का?” “असतें.” “गुण किती पडले?” “पडले बरे.” एवढ्यावर संभाषण आटोपून संध्याकाळची गाडी धरावी, असा क्रम होता. एका रविवारीं मात्र त्यानें पलंगाखालून एक पेटी ओढली. पुण्याच्या आतेभावानें दिलेली. “अभ्यासाच्या वेळीं काढत नाहीं हं,” असें मीं न विचारतांच तो म्हणाला.

प्राध्यापक टॉल्किन यांची ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ ही अद्भुत कादंबरी 1954-55 सालीं तीन भागांत निघाली. तिच्यावरून नेट फ्रेंच यांनीं रचलेला हा पत्त्यांचा खेळ 2011 सालचा. यांत खेळणारे सारे एकाच बाजूचे. विरुद्ध बाजूला असतो तो राक्षसांचा, अरण्यांचा नि संकटांचा वेगळा कॅट. त्याला हात नाहीं कीं डोकें नाहीं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत 120 पानें असतात, पण तीं सर्वांना तींच. येथें प्रत्येकानें आपला कॅट घरूनच जुळवून आणावयाचा : फार तर तीन वीर, निदान 50 पानें, आणि एका नांवाचीं तीनांहून अधिक नाहींत. दर फेरीला प्रत्येक वीर एक नाणें देतो, आणि त्या नाण्यानें त्याच्याच पंथाचें पान विकत घेतां येतें. आपल्यावरील संकटाचा आंकडा 50 वर पोंचला कीं आपण बाद.

एक नियम मला फार आवडला. भिडूंनीं आपसांत खुशाल मसलत करावी, परंतु हातांतील पानाचें नांव उच्चारूं नये, त्यावरचा मजकूरहि वाचूं नये. मेंढीकोट खेळतांना भुवया उडविणारे आमचे काका येथें पहिल्याच डावाला पकडले गेले असते. उलट आमच्या आजीला हा खेळ सहज साधला असता. आजोबांचें नांव न घेतां तिनें पन्नास वर्षें संसार चालविला होता.

चिरंजिवांनीं जी जुळणी काढली, ती पाहून मी प्रथम बिचकलोंच. त्याचे तिन्ही वीर आत्मबलाच्या पंथाचे. त्यांत एओविन ही वीरांगना. कोणाहि खेळाडूनें आपल्या हातांतलें एक पान टाकून दिलें कीं त्या टप्प्यापुरती तिची इच्छाशक्ति एकानें वाढते. फेरींत प्रत्येकाला एकदां. माझे वीर युद्धाच्या पंथाचे. मीं आपलीं भारी पानें खेळावयाचींच नाहींत, तिच्यासाठीं टाकावयाचीं! मग त्याच्याजवळचें ‘स्टँड अँड फाइट’ हें पान कोणाच्याहि टाकलेल्या पानांतून हवा तो साथीदार उठवितें. किंमत तेवढीच, पण पंथाची अट नाहीं.

“म्हणजे मीं फेकावें, आणि तूं उचलावें?”

“हो. एकच पान दोनदां कामाला येतें, बाबा.”

हिशेब बिनचूक होता. परंतु जुने स्वेटर आणि पंचवीस वर्षांपूर्वींच्या प्रश्नपत्रिका जपून ठेवणाऱ्या माणसाला चांगलें पान टाकणें जड जातें. बेऑर्न हें सहा नाण्यांचें पान मीं तीन रविवार हाताशीं धरून ठेवलें, आणि तिन्ही रविवार आम्ही हरलों. तो रागावला नाहीं. रागावला असता तर बरें वाटलें असतें.

चौथ्या रविवारीं नदीकांठीं तो डोंगरी राक्षस आला : संरक्षण 3, प्राण 9, म्हणजे एका दमांत 12 चा घाव हवा. मीं बेऑर्न टाकला. त्याच्या हातांत तें उठविणारें पान आहे कीं नाहीं, हें मला ठाऊक नव्हतें, आणि विचारतांहि येत नव्हतें. त्यानें दोन फेऱ्या नाणीं साठविलीं, एकदां माझ्याकडे पाहिलें, आणि पान मांडलें. बेऑर्न उठला; त्याचे 3, त्याच्या अंगच्या करामतीनें 8 झाले; दूरवर बाण मारणाऱ्या माझ्या लेगोलसचे 3, त्याच्या डुनहेअरचे 2. तेरा! आम्ही दोघे एवढ्यानें ओरडलों कीं शेजारच्या खोलींतला मुलगा रसायनशास्त्राचें पुस्तक हातांत घेऊनच डोकावला.

पानें आवरतां आवरतां तो खालीं पाहूनच म्हणाला, “बाबा, माझ्या हातांत एक पान आहे. चार महिने झाले.”

तें पान मला दिसत होतें. मागील निकालापासून दिसत होतें. मीं विचारलें नव्हतें, कारण विचारलें तर ऐकावें लागलें असतें, आणि डॉक्टर व्हावयाचें होतें तें मूळचें मला, तिसेक वर्षांपूर्वीं.

“डाव संपला आहे,” मीं म्हटलें. “आतां नांव घ्यायला हरकत नाहीं.”

त्यानें नांव घेतलें. त्याला गणित शिकावयाचें होतें.

नांदेडची गाडी त्या संध्याकाळीं चुकलीच. त्याच्या आईला हें कोणीं सांगावयाचें, यावर त्या खोलींत रात्रीं एक वाजेपर्यंत वाद चालला होता.